शून्यभार

नवबंदरच्या वास्तुपरीक्षण प्रयोगशाळेत एक थट्टा वर्षानुवर्षं चालत आली होती: तेंडोलकर नवरा-बायको ज्या दिवशी दोघंही एकदम खूश दिसतील, त्या दिवशी यंत्रं तपासून घ्यावीत, नक्की काहीतरी बिघडलेलं असणार.

थट्टेला आधार होता. शहरातल्या इमारतींमधून काढलेले काँक्रीटचे गाभे, मनगटाएवढे जाड आणि वीतभर लांब, प्रयोगशाळेतल्या मधल्या टेबलावर येत. त्यांच्यावर रंगदर्शक द्रव फवारायचा. दिसायला तो पाण्यासारखा निवळ, पण जिथे काँक्रीटमधला क्षार शाबूत असेल तिथे लागताच गर्द गुलाबी होई. जिथे क्षार संपला असेल तिथे कोराच राही. गुलाबी भाग मोठा निघाला की विश्राम तेंडोलकरची कळी खुले, कारण तो बांधकाम-सुरक्षा विभागात होता. कोरा भाग मोठा निघाला की डॉ. हेमांगी तेंडोलकर खूश होई, कारण ती पर्यावरण विभागाची प्रमुख होती. गाभा एकच, आणि एकाचं सुख ते दुसऱ्याचं दुःख. त्यावरून दोघांची जी जुंपे ती घरी ताटं वाढेपर्यंत चाले आणि आमटीच्या पहिल्या भुरक्याबरोबर मिटे. बरीच वर्षं हा संसार असा सुखाने चालला होता.

तन्वीर परकार नावाचा तरुण संशोधक हेमांगीच्या हाताखाली नव्याने रुजू झाला, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी विचारलं की या दोघांपैकी बरोबर कोण.

"दोघंही," हेमांगी म्हणाली. "सिमेंट करताना चुनखडी भाजतात, तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढे काँक्रीट आयुष्यभर तोच वायू हवेतून थोडा थोडा परत पीत राहतं आणि पुन्हा चुनखडी होत जातं. मी त्याला काँक्रीटचा श्वास म्हणते. कोरा भाग म्हणजे पिऊन झालेला भाग."

"आणि पिता पिता क्षार गमावतं," विश्राम पलीकडच्या खुर्चीतून म्हणाला. "आतली लोखंडी सळई गंजत नाही ती त्या क्षाराच्या जिवावर. क्षार गेला की सळईचं कवच गेलं. मग ओल लागली की ती गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीट आतून फोडते. हिची इमारत श्वास घेते ना, ती श्वास घेता घेताच म्हातारी होते."

"किती वर्षांनी, ते सांग त्याला."

"ते तू सांग. गणित तुझं आहे."

गणित खरोखरच हेमांगीचं होतं. हा कोरेपणा बाहेरून आत सरकत जातो. त्याच्या सीमेला तिने शोषरेषा असं नाव दिलं होतं. शोषरेषा सुरुवातीला भरभर चालते आणि मग तिची चाल मंदावते. दुप्पट खोल जायला तिला चौपट काळ लागतो. त्यामुळे पहिल्या बोटभर जाडीत पुष्कळ कार्बन प्यायला जातो आणि सळईपाशी पोचायला रेषेला दोन पिढ्या लागतात. हेमांगीचा सगळा भरवसा त्या दोन पिढ्यांवर होता.

इमारतीचा पृथ्वीवर पडणारा भार कसा मोजायचा, याची मानकं तिच्या डोळ्यांदेखत बदलत गेली होती. ती नोकरीला लागली तेव्हा फक्त वीज मोजत. दिवे, पंखे, वातानुकूलन, झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की इमारत उभी करतानाच निम्मा घोटाळा होऊन जातो, आणि सिमेंट, लोखंड, विटा यांचा अंगभूत भार मोजणारं दुसरं मानक आलं. त्याने जुन्या इमारतींची दाणादाण उडवली. त्यांच्या पोटात सिमेंटच सिमेंट. ज्यांचा भार मर्यादेबाहेर, त्यांच्यावर 'जडभार' असा शिक्का पडे, आणि जडभार इमारत रिकामी करून पाडायची असा कायदा होता. रहिवाशांना घाटाच्या पायथ्याशी बांधलेल्या मनोऱ्यांमध्ये जागा मिळे. समुद्र, बाजार, शेजार सगळं मागे सोडून कितीतरी म्हातारी माणसं त्या मनोऱ्यांत गेली आणि वर्ष-दोन वर्षांत तिथेच संपली. कोणत्याही मानकात तो भार मोजला जात नव्हता.

तिसरं मानक आलं ते काँक्रीटने प्यायलेला कार्बन भारातून वजा करणारं. पण ते फक्त नव्या मनोऱ्यांसाठी. त्यांच्यात लोखंडाऐवजी काचतंतूच्या सळ्या होत्या. त्या गंजत नाहीत, त्यामुळे भीती नव्हती. हेमांगीला यात धडधडीत अन्याय दिसला. जुनी इमारतही तोच श्वास घेते, मग तिला गुण का नाहीत? ती स्वतः राहत होती ती चार मजली 'निशिगंध' सोसायटीसुद्धा जडभाराच्या उंबरठ्यावर उभी होती. समितीत तिने चौथं मानक मांडलं: शोषणाचे गुण सर्व इमारतींना.

त्या बैठकीला सुरक्षा विभागाच्या वतीने विश्राम होता. नवऱ्याने बायकोला भर सभेत विरोध करावा याची समितीला मोठी गंमत वाटली. त्याचं म्हणणं साधं होतं. लोखंड असलेल्या इमारतीला शोषणाबद्दल बक्षीस दिलंत की लोक तिला जास्तीत जास्त प्यायला लावतील. प्लास्टर काढतील, रंग काढतील. आपण पिढ्यान् पिढ्या दसरा-दिवाळीला घरं रंगवत आलो, ते काही केवळ शोभेसाठी नव्हे. चुन्याचा हात काँक्रीटच्या आधी स्वतः तो वायू खातो.

हेमांगीने फळ्यावर आकडे मांडले. प्लास्टर काढलं, रंग खरवडला, बाहेरची हवा आजच्याहून वाईट झाली असं धरलं, तरी निशिगंधसारख्या इमारतीत शोषरेषा सळईपाशी पोचायला अजून तीस वर्षं होती. शिवाय दर दोन वर्षांनी गाभा काढून रेषा कुठवर आली ते पाहायचं होतंच. गाभा कुठून काढायचा, असं कोणीतरी विचारलं. बाहेरच्या बाजूने, असं तिने सांगितलं. लोकांच्या घरात यंत्र घेऊन कुठे शिरायचं? स्वयंपाकघरात धूळ, देवघरात धूळ, दुपारी बायका जरा पडलेल्या असतात. सगळ्यांना ते पटलं. आपल्याकडे कोणी पाहुणाही न विचारता माजघरात जात नाही.

"आणि पाडल्यानंतरचं शोषणही धरायचं?" विश्रामने मसुद्यातल्या एका कलमावर बोट ठेवलं. "राडारोडा सगळ्यात जास्त पितो. काँक्रीट फुटलं की आतली कोरी करकरीत अंगं हवेला लागतात."

"धरायलाच हवं. शास्त्र तेच सांगतं. इमारतीचा भार जन्मापासून राडारोड्यापर्यंत मोजायचा."

"म्हणजे कोसळलेल्या इमारतीला पैकीच्या पैकी गुण."

सगळे हसले. हेमांगीही हसली. विश्रामने मात्र त्या दिवशी सही केली नाही. सही त्याने आठवड्याने केली, तेही निशिगंधमधल्या तळमजल्यावरच्या शेवडेकाकूंचं घर त्याला दिसत होतं म्हणून. काकूंचे डोळे अधू झाले होते. ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून तुळशीपर्यंत त्या चाचपडत नव्हे तर सवयीने चालत. मनोऱ्यातल्या नव्या घरात त्यांचं कसं होणार, हे हेमांगीने त्याला विचारलं होतं.

चौथ्या मानकाने शेकडो इमारती वाचल्या. हेमांगीचे सत्कार झाले. भिंतीभिंतींत वाटाण्याएवढे श्वासमापक बसले. कुठली भिंत किती पिते आहे ते त्यांनी परस्पर गुण देणाऱ्या मंडळाच्या यंत्रणेला कळवायचं, आणि यंत्रणेने परस्पर गुण द्यायचे. मध्ये माणसाचा हात नको, म्हणजे वशिल्याला वाव नको, हीसुद्धा हेमांगीचीच सूचना होती.

निशिगंधने प्लास्टर काढलं, बाहेरचा रंग काढला. काही दिवसांनी आतलाही काढला. उघड्या काँक्रीटची ती इमारत अंघोळ न केलेल्या पोरासारखी दिसे. विश्रामचे वडील देवळं रंगवायची कामं घेत, त्यामुळे दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून घराला स्वतःच्या हाताने पांढरं करायचं हे त्याचं दरवर्षीचं व्रत होतं. मानक करणाऱ्या बाईच्या घराला चुना लागलेला कसा चालेल? हेमांगीने त्याला तसं सांगितलं, जरा कडकच सांगितलं. त्याने कुंचले धुऊन, वाळवून माळ्यावर टाकले.

पण सोसायटीच्या सभागृहात एक कोपरा देवाचा होता. तळमजल्यावरच्या त्या लांबट सभागृहात दोन्ही बाजूंनी खांब होते, आणि दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातल्या खांबाला टेकून गणपतीचा चौथरा. पहिल्याच दिवाळीला विश्राम तिथे चुन्याची बादली घेऊन गेला, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी दिगंबर पेडणेकर धावत आला. एका खांबाचे गुण जातील, असं त्याचं म्हणणं होतं. दोघंही मूळचे एकाच तालुक्यातले, तेव्हा भांडण गावच्या भाषेत झालं.

"दिगू, देवाच्या कोपऱ्याक चुनो लावूक आता मंडळाची परवानगी होयी?" विश्रामने विचारलं.

पेडणेकर वाटेतून बाजूला झाला. देवाचा खांब तेवढा दरवर्षी पांढरा होऊ लागला. चांगले दोन-दोन, तीन-तीन हात. बाकीचे खांब उघडे राहिले.

पेडणेकर माणूस वाईट नव्हता. उलट इतका झटणारा सेक्रेटरी शहरात सापडला नसता. निशिगंधचे गुण दरवर्षी काठावर असत आणि ते काठाखाली जाऊ नयेत म्हणून तो रात्रंदिवस यंत्रणेचे आकडे बघत बसे. त्यातूनच त्याला शोध लागला. संध्याकाळचं भजन चालू असताना पावसाची सर आली म्हणून कोणीतरी सभागृहाच्या खिडक्या लावल्या, आणि तासाभरात आतल्या श्वासमापकांचे आकडे चढले. कारण उघड होतं. पन्नास-साठ माणसं बंद जागेत गळा मोकळा सोडून गात होती. त्यांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कोंडला गेला आणि खांबांनी तो प्यायला. त्या दिवसापासून निशिगंधचं भजन रोज, खिडक्या बंद करून, होऊ लागलं. उकडून जीव जाई, पण घर वाचत होतं. लहानथोर सगळे येत. न गाणारेही येत आणि नुसते बसून श्वास घेत. शेवडेकाकू म्हणत, जन्मभर देवासाठी गायले, आता खांबांसाठी गाते. विश्राम निवृत्त झाला होता. तो तबला वाजवी.

हेमांगीला ही युक्ती कळली तेव्हा तिने ती हसण्यावारी नेली. कौतुकही वाटलं. माणसांनी आपल्या श्वासावर आपलं घर तोलून धरलंय, असं ती एका भाषणात म्हणाली आणि टाळ्या पडल्या. तिच्या गणितात हवा बाहेरची होती. आतली हवा तिने कधी धरलीच नव्हती, आणि हे तिच्या त्या वेळी लक्षातही आलं नाही.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी विश्राम घरी आला तो तबल्याची हातोडी हातात घेऊनच. भजनाआधी तबला मिळवताना त्याने सहज शेजारच्या खांबावर हातोडी टेकवली होती.

"दाराजवळचे खांब बद्द बोलतात," तो म्हणाला. "पहिला आणि दुसरा दोन्ही. देवाकडचा टणटणीत आहे. मी सगळ्यांवर वाजवून पाहिलं."

"गेल्या वर्षीचा गाभा पाहिलास ना? रेषा अजून निम्म्यावरही नाही."

"तो बाहेरून काढलेला. मला आतून काढून हवाय."

हेमांगीने ताबडतोब नाही म्हटलं नाही. तिने मनाशी हिशेब मांडला. दिवाळीच्या आधी गुणांकन होतं. त्याच्या तोंडावर मानकाच्या कर्तीनेच आपल्या इमारतीचा आतला गाभा काढला आणि तो वाईट निघाला, तर निशिगंध जडभार ठरणार आणि महिन्याभरात सगळे घाटाखाली. आणि निघाला चांगला, तर उगाच लोकांत घबराट. तिने त्याला तीन आठवडे थांबायला सांगितलं. गुणांकन झालं की ती स्वतः यंत्र घेऊन येईल.

"हेमा, माझा कान चुकलाय असं तुला वाटतं का?"

"नाही. पण माझं गणित चुकलंय असंही मला वाटत नाही."

तो हसला. मग म्हणाला, "बरं. तीन आठवडे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने तबला उचलून देवाच्या कोपऱ्यात नेला. त्याच्यामागे पेटी गेली, पेटीमागे टाळ. हळूहळू निम्मं भजन तिकडे सरकलं, आणि ते कशासाठी हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा, संध्याकाळी, हेमांगी प्रयोगशाळेतून निघायच्या बेतात होती. तन्वीरने तिला थांबवलं. निशिगंधच्या सभागृहाचे आकडे त्याला विचित्र वाटत होते. बंद खिडक्यांत माणसं पूर्वीइतकीच, उलट पेडणेकरांनी भजन तासभर लांबवलं होतं, आणि तरीही दाराजवळचे श्वासमापक आठवड्यागणिक कमीच दाखवत होते. यंत्रं बिघडली असतील, असं तन्वीरला वाटत होतं.

"त्या खांबांनी श्वास घ्यायचं कमी केलंय, मॅडम," तो म्हणाला.

हेमांगीने आकड्यांकडे पाहिलं. एक एक गोष्ट तिच्यासमोर जागच्या जागी येऊन बसली. काँक्रीट पिणं का थांबवतं? पिण्यासारखं काही उरलेलं नसतं तेव्हा. बाहेरची हवा धरून तिने तीस वर्षं काढली होती. बंद सभागृहात साठ माणसांच्या उच्छ्वासाने हवेतला कार्बन बाहेरच्या कितीतरी पट होत होता, रोज, वर्षानुवर्षं, आणि त्या खांबांवर रंगाचा थेंब नव्हता. शिवाय उच्छ्वासात ओल असते. बाहेरची रेषा निम्म्यावर होती हे खरंच होतं. दुसरी रेषा आतून निघाली होती. ती केव्हाच सळईपाशी पोचून पलीकडे गेली होती आणि आत लोखंड गंजून फुगत होतं. तिने घातलेल्या नियमामुळे तिकडे कोणी गाभा काढायला गेलं नव्हतं.

तिने विश्रामला फोन लावला. मागे टाळांचा आवाज होता.

"तुझा कान बरोबर आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता."

"दाराजवळच्या खांबाची खपली पडलीय मघाशी," तो हळूच म्हणाला. "दारातून नको न्यायला. मी बघतो." फोन चालूच राहिला. हेमांगीला टाळ थांबलेले ऐकू आले. त्याचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरा चढा: आरती आत्ता करून घेऊ, सगळ्यांनी देवाजवळ या, अगदी जवळ, काकूंना पुढे घ्या. पोरं हसली. पाटावरून माणसं उठल्याचे आवाज आले. मग तो कोणाला तरी म्हणाला, "दिगू, ती खिडकी सोड रे. ये हंय." नंतर पुन्हा, लांबून, "दिगू."

त्यानंतर जे ऐकू आलं ते हेमांगीने पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही.

निशिगंधची दाराकडची बाजू चारही मजल्यांसकट खाली आली. देवाच्या कोपऱ्याकडची बाजू उभी राहिली. भजनाला आलेल्यांपैकी बहुतेक सगळे वाचले, कारण ते पांढऱ्या खांबाभोवती दाटीवाटीने उभे होते. वरच्या मजल्यांवर जे घरी राहिले होते त्यांतले सातजण गेले. खाली दोघेच गेले. पेडणेकर शेवटची खिडकी घट्ट लावत होता. आदल्या दिवशी आकडा घसरल्याने त्याला तिची फट सलत होती. विश्राम त्याला आणायला परत गेला होता.

शेवडेकाकूंनी हेमांगीला जवळ घेऊन एवढंच सांगितलं, की जाताना विश्राम त्यांच्या हातात टाळ देऊन गेला, म्हणाला, धरा जरा, आलोच. तो टाळ काकूंनी अजून खाली ठेवला नव्हता. हेमांगीला रडू आलं नाही. काकू रडल्या. आपलं घर वाचवण्यासाठी रोज मन लावून गाणाऱ्या त्या बाईला, तुमच्याच गाण्याने हे झालं असं कोण सांगणार होतं? हेमांगीने सांगितलं नाही. पण तिला स्वतःला तेही पुरतं खरं वाटत नव्हतं. गाणारे गायले ते तिने गुण ठेवले म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली. लोकांनी नको म्हटलं, समितीच्या अध्यक्षांनी रजा घ्यायला सांगितलं, तरी गेली. तन्वीरने निशिगंधमधून दोन गाभे काढून आणले होते, एक राडारोड्यातल्या, दाराजवळच्या खांबाचा आणि एक देवाच्या, अजून उभ्या असलेल्या खांबाचा. दोन्ही आतल्या बाजूने काढलेले. त्याने ते मधल्या टेबलावर ठेवले आणि तो बाजूला झाला. पलीकडची खुर्ची रिकामी होती.

हेमांगीने पहिल्या गाभ्यावर रंगदर्शक फवारला. काहीच झालं नाही. गाभा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओला झाला आणि कोराच राहिला. मध्ये सळईच्या जागी तांबूस चिखल होता. इतका कोरा गाभा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिच्या विभागाच्या भाषेत याहून चांगला निकाल असू शकत नव्हता.

मग तिने दुसऱ्यावर फवारला. चुन्याच्या पांढऱ्या पापुद्र्याजवळूनच रंग उमटायला लागला. पापुद्र्याखालची नखभर जागा कोरी, आणि पुढे सगळा गाभा गुलाबी, गर्द, सळईच्या चारही बाजूंनी. सळई नव्यासारखी निळसर काळी होती. विश्राम असता तर पट्टी घेऊन टेबलावर ओणवा झाला असता. हेमांगी त्या रंगाकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, अजून हवा, अजून पसरावा. दोघांना एकच रंग हवा असण्याची ही पहिलीच वेळ होती. ती टेबलाची कड धरून रडली, आणि तन्वीर तोंड फिरवून उभा राहिला.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला. तो तिचा नव्हता. विश्रामचा फोन तिला दवाखान्यात दिला होता आणि तो तिने तसाच चालू ठेवला होता. विश्राम सोसायटीचा सहसेक्रेटरी होता. सेक्रेटरीकडून प्रतिसाद आला नाही म्हणजे यंत्रणा पुढचा क्रमांक घेई. हेमांगीने चष्मा पुसून पडद्यावरचा मजकूर वाचला.

मंडळ निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्थेचं अभिनंदन करत होतं. गेल्या तीन दिवसांत संस्थेच्या वास्तूचं कार्बनशोषण अपूर्व वेगाने वाढलं होतं. या वेगावरून पुढील शोषणाचा अंदाज घेता वास्तूचा संपूर्ण अंगभूत भार फिटत होता. चौथ्या मानकानुसार शहरातली पहिली 'शून्यभार' वास्तू म्हणून तिची नोंद करण्यात येत होती. दिवाळीपूर्वी सर्व सभासदांसह सत्काराला उपस्थित राहावं, अशी विनंती होती.

तन्वीरने तिच्या खांद्यावरून वाचलं. "चूक झालीय, मॅडम," तो घाईघाईने म्हणाला. "राडारोड्यातले श्वासमापक अजून चालू असणार. मी कळवतो त्यांना. रद्द करायला लावतो."

हेमांगीने मनातल्या मनात आकडे मांडून पाहिले. फुटलेली अंगं, त्यांचं क्षेत्रफळ, हवा, वेग. जन्मापासून राडारोड्यापर्यंत.

"चूक कुठेच नाही," ती म्हणाली. "गणित बरोबर आहे."

तिने फोन गुलाबी गाभ्याशेजारी ठेवला, पलीकडची खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यात बसून, इतकी वर्षं तो करत असे तसा, गुलाबी भाग पट्टीने मोजायला सुरुवात केली.